क्योटो: किमोनो, चहा आणि झाझेन, पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

किमोनो नेसून कियोमिझु मंदिराचा चढ चढू नका. मला आधी कोणीतरी हे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं म्हणून पहिल्याच ओळीत लिहितेय. क्योटोचे जेवढे व्हिडिओ बघाल तेवढ्यात हेच दाखवतात, किमोनोतल्या मुली, मागे लाल पॅगोडा, दगडी पायऱ्या, मस्त हसू. त्या पायऱ्या चढताना पायांचं काय होतं आणि दुकानाच्या काउंटरवर किती बिल होतं ते कोणी दाखवत नाही.

आम्ही दोघी बहिणी गेलो होतो, नोव्हेंबरच्या शेवटी, मेपलची पानं लाल होतात त्या ऐन सीझनला. ताई पूर्ण शाकाहारी, मी सगळं खाते. तुम्हाला चालायची सवय आहे, सिंहगड-राजगड होतो, बरे बूट आणि थंडीचे कपडे आहेत असं धरूनच पुढचं लिहितेय. तिकिटं, व्हिसा वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे त्यामुळे ते सोडते.

आता ते भाड्याच्या किमोनोचं. दुकानाच्या वेबसाइटवर ३,३०० येन. शंभर येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धरा, म्हणजे दोन हजारांच्या आत, ठीक आहे ना. दुकानात गेल्यावर कळतं की ३,३०० चे किमोनो म्हणजे कोपऱ्यातला एक रॅक, फिकट, धुऊन धुऊन जीव गेलेले, आणि फोटोत जे दाखवलेत ते सगळे ५,५०० वाले. मग केस. केस मोकळे ठेवून किमोनो चांगला दिसत नाही असं ती बाई इतक्या गोड आवाजात सांगते की १,६५० गेलेच. मग बाहेर थंडी आहे म्हणून वरून घालायचा हाओरी, १,१००. मग डाग पडला तर भरपाई द्यावी लागू नये म्हणून ५५०. झाले माणशी ८,८००, दोघींचे १७,६०० येन, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये, पॉलिस्टरच्या कापडाला, काही तासांसाठी! आणि साडेपाचच्या आत परत, उशीर झाला तर अर्ध्या तासाला १,१०० अजून. हे उशिराचं आम्हाला नेसवून झाल्यावर सांगितलं, तेव्हा आपले कपडे आणि बूट त्यांच्या लॉकरमध्ये असतात त्यामुळे तोंड उघडून उपयोग नसतो. सगळीच दुकानं असं करतात असं मी म्हणत नाही, पण तुम्ही काउंटरवर पहिल्यांदा हेच विचारा: सगळं धरून माणशी किती, टॅक्स त्यात आहे का, परत किती वाजेपर्यंत. आकडा कागदावर किंवा फोनवर लिहून घ्या, मगच बूट काढा.

पैशाचं एक वेळ सोडू, पण तो रस्ता. गोजोझाका बस स्टॉपपासून मंदिरापर्यंत चढच चढ, आणि नंतर उतरताना सान्नेनझाका आणि निनेनझाकाच्या दगडी पायऱ्या. किमोनोत पाऊल वीतभर पडतं, गुडघा वर उचलताच येत नाही. झोरी म्हणजे त्यांची सपाट चप्पल, तिचा पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात रुततो आणि ती टाचेला धरून ठेवणारं काही नाही. ओबी म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, तो पोटावर इतका घट्ट की धड दम घेता येत नाही. त्यात मागून गर्दीचा लोंढा, थांबून श्वास घ्यायलाही जागा नाही. सान्नेनझाकावर पडलं तर तीन वर्षांत मरण येतं अशी तिथली जुनी समजूत आहे आणि त्या पायऱ्यांवर झोरी घालून उतरताना ती समजूत का आली असेल ते पटतं. ताईच्या दोन्ही पायांना बेचक्यात फोड आले, पुढचे सगळे दिवस पट्ट्या लावून फिरली. वर पोचलो तेव्हा मंदिरात तो प्रसिद्ध लाकडी सज्जा, १६३३ साली पुन्हा बांधलेला, जमिनीपासून १३ मीटर उंच, आणि आमच्या डोक्यात फक्त किती वाजले. नोव्हेंबरच्या शेवटी पावणेपाचला सूर्य मावळतो हे लक्षात ठेवा, म्हणजे दुपारी दोनला किमोनो घेतला तर हातात काहीच वेळ नसतो.

यापेक्षा असं करा. कियोमिझु सकाळी सहाला उघडतं, तिकीट ५०० येन. आपल्या बुटात, आपल्या जॅकेटमध्ये, उजाडता उजाडता जा. आम्ही नंतर शेवटच्या सकाळी असं गेलो आणि तेव्हा ती जागा खरी दिसली, मोकळा सज्जा, खाली लाल झाडं, माणसं अगदी मोजकी. पायऱ्याही पाच मिनिटांत उतरलो. किमोनो हवाच असेल तर दुकानं नऊच्या सुमाराला उघडतात तेव्हाच पहिला स्लॉट घ्या आणि सपाट भागात फिरा: गिओन या जुन्या गेइशा-वस्तीतला शिराकावाचा ओढा, केन्निन-जी मंदिर, ओकाझाकीला हेइआन देवस्थानाच्या बाजूला, किंवा जुन्या राजवाड्याचं मोठं बाग. फोटो तितकेच सुंदर येतात. आधी थोडंसंच खा, दुकानात जायच्या आधी टॉयलेटला जाऊन या, आणि नेसवून झाल्यावर एकदा आरशात बघा की डावी बाजू वर आहे, कारण उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवतात. दुकानवाले चुकत नाहीत, पण वाऱ्याने सुटून आपण परत बसवताना नीट बघायला हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाड्याने घेऊच नका, विकत घ्या. हे गंमत म्हणून नाही म्हणत. दर महिन्याच्या २१ तारखेला तो-जी मंदिराच्या आवारात आणि २५ तारखेला कितानो तेनमांगु देवस्थानात मोठा बाजार भरतो, तिथे जुने किमोनो आणि हाओरी ढिगाने असतात. मला खरं रेशीम असलेला काळा हाओरी २,००० येनला मिळाला, आतून चित्र असलेलं अस्तर, म्हणजे आम्ही दोघींनी मिळून भाड्याच्या हाओरींना जे दिलं त्याहून कमीच. जीन्सवर घालता येतो. सकाळी लवकर जा, डाग आणि बाह्यांची शिवण उजेडात बघा, दोन वस्तू एकत्र घेतल्या तर थोडं कमी करतात. तुमच्या तारखा थोड्या पुढेमागे होत असतील तर २१ किंवा २५ धरूनच प्लॅन करा.

चहा. किमोनोच्या दुकानाने कॉम्बो म्हणून जो चहाचा समारंभ लावून दिला तो घेऊ नका. माणशी ४,००० येन, पंचेचाळीस मिनिटं, एका खोलीत बाराचौदा जण, त्यातला अर्धा वेळ प्रत्येकाने हातात चहा घुसळायचा ब्रश घेऊन फोटो काढायचा. शिकवणारी मुलगी चांगली होती, तिचा दोष नाही, पण तिला पुढची बॅच घ्यायची घाई. खरा पूर्ण समारंभ, जेवणासकट, चार तास चालतो. तेवढं आपल्याला नको, पण शांतपणे एक वाटी चहा तरी मिळावा की नाही?

तो क्योटोजवळच्या उजीला मिळाला. क्योटो स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनची जलद गाडी धरली तर वीस मिनिटांच्या आत, भाडं २४० येन. ब्योदो-इन मंदिराजवळ नदीकाठी ताइहो-आन नावाचं चहाघर आहे, उजी नगरपालिकेचं. बाजूच्या पर्यटक केंद्रात तिकीट घ्यायचं, आम्ही गेलो तेव्हा १,००० येन, रिझर्व्हेशन लागलं नाही. तिथले स्थानिक चहा-शिक्षक आळीपाळीने येतात. आमच्या वेळी एक साठीपुढच्या बाई होत्या, इंग्रजी अगदी मोजकं, आणि खोलीत आमच्याशिवाय एक जपानी जोडपं. फक्त पाण्याचा आवाज. त्यांनी वाटी पुसली, चमचा पुसला, झाकण ठेवलं, एकही हालचाल वाया नाही, आणि मला तिथून उठावंसं वाटेना. क्योटोत मी जे शोधत होते ते हे होतं, आणि ते क्योटोच्या बाहेर चौथ्या हिश्श्यात मिळालं. दहा ते चार चालू असतं, २१ डिसेंबर ते ९ जानेवारी बंद, तेवढं बघून जा.

जाण्याआधी: अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा, वाटीला ओरखडा जातो. स्वच्छ मोजे घाला, अनवाणी जाऊ नका. गोड आधी पूर्ण संपवायचं, मग चहा, चहा पिताना मध्येमध्ये गोड खायचं नाही. वाटी दोन्ही हातात घेऊन थोडी फिरवायची म्हणजे तिची पुढची बाजू आपल्या ओठांना लागत नाही. बसायचं वज्रासनात. आपल्यापैकी जे योगासनं करतात त्यांना दहा मिनिटं काही वाटत नाही, वीसनंतर पाय जातात. खुणेने विचारलं तर मांडी घालू देतात, लाज बाळगू नका. माचा, म्हणजे त्यांचा हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, कडू असतो, साखर मागू नका, ते गोड त्याच्यासाठीच असतं.

उजीला जाता-येता फुशिमी इनारी हे डोंगरावरचं देवस्थान करा, त्याच लाइनवर आहे, पण इनारी स्टेशनला जलद गाडी थांबत नाही, लोकल धरा. तिकीट नाही, चोवीस तास उघडं, डोंगर २३३ मीटर, आपल्याला किरकोळ. गर्दी खालच्या चढावरच जास्त, वर जाल तशी विरळ होते.

माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, बघायला म्हणून गिओनमध्ये घुटमळत बसू नका. दिवसा पांढरा मेकअप करून सावकाश फोटो काढून घेणाऱ्या ज्या दिसतात त्यातल्या बऱ्याच जणी ड्रेस-अप स्टुडिओतून आलेल्या पर्यटक असतात. खऱ्या माइको संध्याकाळी कामाला निघालेल्या असतात, भराभर चालतात, त्यांना अडवणं, मागे धावणं, तोंडासमोर फोन धरणं हे अतिशय वाईट आहे आणि मी स्वतः डोळ्यांनी बघितलं, एका मुलीला पाचसहा जणांनी घेरलेलं, ती मान खाली घालून वाट काढत होती. याचमुळे २०२४ पासून गिओनमधल्या खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. चहाघरात त्यांच्यासोबत जेवण वगैरे ओळखीशिवाय होत नाही, पहिल्यांदा आलेल्याला घेतच नाहीत. त्यांची कला बघायची तर नाचाच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा: एप्रिलमध्ये मियाको ओदोरी, १८७२ पासूनची, मेमध्ये पोंतोचो या दुसऱ्या गेइशा-वस्तीची कामोगावा ओदोरी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला गिओन ओदोरी. आम्ही महिन्याच्या शेवटी होतो त्यामुळे ते संपलं होतं. आणि फेब्रुवारीत जाणार असाल तर २५ तारखेला कितानो तेनमांगुला आलुबुखाराच्या बहराचा उत्सव असतो, तिथे कामिशिचिकेन वस्तीतल्या गेइको (क्योटोत गेइशांना गेइको म्हणतात) आणि माइको उघड्यावर चहा देतात.

झाझेन, म्हणजे झेन पंथाचं बसून करायचं ध्यान, मात्र सोडू नका. सोडलंत तर क्योटोला कशाला गेलात! गिओनजवळच्या एका छोट्या मंदिरात आम्ही सकाळी बसलो. भिक्षूने पंधरा मिनिटं समजावलं, मग वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका. मोजे काढायला लावतात आणि नोव्हेंबरात पाय बर्फ होतात, तेवढं सहन करा. मांडी घालायची सवय आपल्याला असल्यामुळे बसणं सोपं गेलं, शेजारचे युरोपियन काका उशीवर उशी घेत होते. भिक्षू लाकडी पट्टी घेऊन फिरतो, हवी असेल तर हात जोडून वाकायचं, मग तो खांद्यांवर मारतो. मी वाकले. आवाज मोठा येतो, लागतं बेताचं, पण डोकं असं लख्ख होतं की दिवसभर मी हवेत होते. नंतर शेजारीच केन्निन-जी बघितलं, १२०२ साली एइसाईने स्थापलेलं, चीनमधून चहाचं बी आणणारा तोच भिक्षू, त्यामुळे चहा आणि झेन एकत्र का ते तिथे आपोआप जुळतं. वर छतावर दोन ड्रॅगनचं प्रचंड चित्र, मंदिराच्या ८०० वर्षांनिमित्त २००२ साली लावलेलं. त्याखाली पडून राहावंसं वाटतं.

शाकाहाऱ्यांनी नीट ऐका. भाज्यांचा उडोन (जाड नूडल्स) म्हटलं तरी रस्सा माशाचा असतो, दाशीत म्हणजे रश्श्याच्या मूळ पाण्यात वाळवलेला बोनितो मासा घालतात, मेनूत लिहिलेलं नसतं. ताईने पहिल्या संध्याकाळी अर्धी वाटी संपवल्यावर हे कळलं, फार वाईट वाटलं तिला, रात्री नीट जेवलीच नाही. ‘मीट नको’ म्हणून उपयोग नाही, मासा आणि दाशी दोन्ही नको असं जपानीत लिहिलेला कागद दाखवा. खात्रीचं जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी, मंदिरांतलं, दाशी कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्या आजीलाही चालेल. आराशियामाला तेनर्‍यू-जीच्या आवारात शिगेत्सुमध्ये खाल्लं, स्वस्त नाही, बागेचं तिकीट वेगळं पडतं, पण ताईने तिथे पोटभर आणि निश्चिंत खाल्लं, तेवढ्यासाठी मी पुन्हा देईन. बांबूचं बन, नारा, सगळं छान झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बस: क्योटो स्टेशनवरून २०६ नंबर दुपारी धरूच नका, उभं राहायलाही जागा नसते. फक्त बसचा एक दिवसाचा पास बंद झालाय, जुन्या ब्लॉगमध्ये अजून लिहिलेला असतो. सबवे-बसचा एकत्र पास १,१०० येनला मिळतो, तीन-चार फेऱ्यांना वसूल होत नाही, एका फेरीचे २३०च लागतात. गिओनला जायचं तर केइहान रेल्वे लाइनने गिओन-शिजोला उतरा आणि चाला. हॉटेल बुक करताना शहराचा मुक्काम कर वेगळा बघा, १ मार्च २०२६ पासून वाढलाय, माणशी रात्रीला २०० पासून महागड्या हॉटेलांत १०,००० येनपर्यंत. मंदिरांची तिकिटं आणि बाजार या दोन्हीसाठी हजाराच्या नोटा आणि चिल्लर जवळ ठेवा, कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आणि २१ तारखेला तो-जीला गेलात तर पूर्वेकडच्या गेटने आत जा, किमोनोवाले शोधत सरळ भिंतीच्या कडेकडेने फिरा, मधल्या खाण्याच्या स्टॉलवर थांबलात की चांगले हाओरी दुसरं कोणीतरी उचलतं.