आमची वाटचाल : पावतीपुस्तकानं वाचवलेलं दुकान

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याला एका कार्यक्रमात एका ऑनलाईन सेवा केंद्राच्या (दाखले, सातबारा, सरकारी अर्ज करून देतात ते) चालकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि भाषण करणाऱ्यांनी सांगितलं की तालुक्यात ऑनलाईन सेवा घरोघरी नेली ती यांनीच. मी मागच्या रांगेत बसलो होतो, टाळ्या पण वाजवल्या, पण रात्री झोप काही लागली नाही. तेव्हाच ठरवलं की आपलं पण एकदा नीट लिहून काढायचं, कारण ते केंद्र उघडायच्या कितीतरी आधीपासून आम्ही इथं बसलोय आणि हे गावात जुन्या माणसांना माहिती आहे पण नव्या पोरांना नाही.

आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. २००३ ला मी आणि माझा एक दोस्त, दोघांनी मिळून तहसीलच्या गेटसमोर, स्टॅम्प व्हेंडर आणि अर्जनवीस बसतात त्या ओळीत दहा बाय दहाचा गाळा घेतला. दोस्त मराठी टायपिंग ४० पास, मी नुकतंच एमएस-सीआयटी केलेलं. भांडवल म्हणजे एक असेंबल्ड सेलेरॉन कॉम्प्युटर, चौदा इंची डबा मॉनिटर, टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि श्रीलिपी. तेव्हाचं ज्यानी काम केलंय त्याला सांगायला नको, श्रीलिपीत टाईप केलेली फाईल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसायची, त्यामुळं फ्लॉपीत मजकूर आणि शेजारी फॉन्ट असं दोन्ही घेऊन फिरावं लागायचं. पुढे युनिकोड आलं तेव्हा जुने अर्जाचे सगळे नमुने आम्ही परत टाईप करून काढले, कन्व्हर्टरवर विसंबलो नाही, कारण कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं खातो आणि जातीच्या दाखल्यात आडनावाचा रफार गेला तर माणूस पुढं पडताळणी समितीपर्यंत हिंडतो.

दोस्ताची एक सवय होती ती इथंच सांगतो कारण पुढं तिचं काम आहे. पाच रुपयाचं काम असलं तरी तो पावती फाडायचा. कार्बन घालून, नाव, गाव, काय काम, किती पैसे, तारीख, सही. मी म्हणायचो अरे झेरॉक्सची कशाला पावती, तो म्हणायचा सरकारी कागदाचं काम आहे, माणूस आज खुश आहे, उद्या त्याला कुणी काय शिकवलं तर? २००६ ला त्याला झेडपीत क्लार्कची नोकरी लागली आणि तो गेला, भागीदारीचा हिशोब एका बैठकीत चहा पिता पिता झाला, एक रुपयाचा वाद नाही. पावतीची पद्धत मात्र दुकानात तशीच राहिली.

डायल-अपचे दिवस तर काय सांगायचे. मॉडेम लागायला दहा मिनिटं, तेवढ्यात फोन आला की लाईन कट, दहावी-बारावीच्या निकालाला रस्त्यापर्यंत गर्दी आणि आत एक मशीन, सीट नंबर टाकला की सगळी खोली श्वास रोखून उभी. मग ब्रॉडबँड आलं, मग सरकारी सेवा केंद्राची मान्यता मिळाली, दाखले सुरू झाले. मधली सात-आठ वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सातबाऱ्याचं मात्र सांगायला पाहिजे. आधी सातबारा हवा तर तलाठी शोधावा लागायचा, एका सज्जाला चार-पाच गावं, तलाठी आप्पा आज या गावी उद्या त्या गावी, दप्तर तिसरीकडंच, आणि हाताच्या अक्षरात ० आणि ६ ओळखायला अनुभव लागायचा. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, कुणीही कुठूनही काढावा, तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही. त्या दिवशी ओळीतल्या बऱ्याच जणांनी मला सांगितलं की आता तुझं दुकान संपलं, लोक मोबाईलवर काढतील. उलट झालं. सातबारा दिसायला लागल्यावर लोकांना त्यातल्या चुका दिसायला लागल्या. कुणाचं क्षेत्र कमी, कुणाच्या बापाचं नाव चुकलेलं, कुणाचा कर्जाचा बोजा फिटून वर्षं झाली तरी तसाच. २०१७ ला गावोगाव चावडी वाचन (सातबारा सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा) झालं होतं, त्यात बरंच दुरुस्त झालं पण सगळं नाही. मग जमीन महसूल कायद्याच्या १५५ कलमाखाली दुरुस्तीचा अर्ज, सोबत जुने हस्तलिखित सातबारे, फेरफाराच्या नकला, हे सगळं जुळवून द्यायचं काम आमच्याकडं यायला लागलं. लोक म्हणतात इंटरनेटनं माणसाचं काम कमी केलं. आमच्या दुकानात तरी कामाची जात बदलली, काम वाढलंच. आणि जमीनवाल्यांना फुकटचा सल्ला देतो, वर्षातून एकदा आपला सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून वाचा, नुसता पिशवीत ठेवू नका, आणि ज्यावर 'माहितीसाठी' लिहिलंय ती फुकटची प्रत बँकेत घेऊन जाऊ नका.

२०१७ चा पावसाळा आमच्या धंद्यातला कुणीच विसरणार नाही. कर्जमाफीचे अर्ज ऑनलाईन, नवरा-बायको दोघांची माहिती, दोघांचे अंगठे. दिवसा सर्व्हर हलत नव्हता म्हणून आम्ही रात्री बसायचो, अकरानंतर पेज उघडायचं, माणसं ओट्यावर झोपलेली, नंबर आला की उठवायचं. त्या दिवसांत आमचं सगळं नशीब एका तळहाताएवढ्या अंगठा मशीनवर होतं, मंत्रा कंपनीचं एमएफएस १००. कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा त्या मशीनला दिसतच नाही हो! बोंडाच्या काट्यांनी आणि फवारणीनं रेषाच राहत नाहीत. वीटभट्टीवरच्या माणसाचं तेच. मग आमची पद्धत अशी, आधी कोमट पाण्यानं हात धुवायला लावायचा, पुसायचा, पाच मिनिटं बसवायचं, मग किंचित व्हॅसलिन चोळून परत कोरड्या फडक्यानं पुसायचं, काच चष्म्याच्या कापडानं साफ करायची, आणि अंगठ्याचा हट्ट सोडून अनामिका लावायची, ती बोटं कमी झिजलेली असतात. बोट दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. हे शिकायला मला बरेच दिवस लागले, आता तालुक्यातले निम्मे ऑपरेटर हीच पद्धत करतात, कुठून आली ते त्यांना माहिती नाही.

तेव्हापासूनचं आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे आबा. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. आबांची सगळी कागदं बियाण्याच्या कंपनीच्या प्लास्टिक पिशवीत, रबर लावून, आणि त्यात आमच्या दुकानाच्या सगळ्या पावत्या, पहिल्यापासून. आबांना वाचता येतं पण स्क्रीनवरचं बारीक दिसत नाही, म्हणून मी अर्ज भरला की मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच सबमिट. ते मला 'बाळा' म्हणतात, माझे केस पिकले तरी.

आता २०२३. त्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा आला. शेतकऱ्यानं फक्त एक रुपया भरायचा आणि आमच्यासारख्या सेवा केंद्राला अर्जामागं ४० रुपये विमा कंपनीकडून मिळणार, असा हिशोब होता. आम्ही दारावर मोठ्या अक्षरात बोर्ड लावला, 'विमा अर्ज १ रुपया, जास्त देऊ नये'. समोरच्या बाजूला आधीच्या वर्षी एक नवीन केंद्र उघडलं होतं, काचेचं दार, एसी, चार खुर्च्या. तिथं अर्जाला शंभर घेत होते, कुणाकडून दीडशे, हे मला गिऱ्हाईकांनीच सांगितलं, पावती मात्र कुणाकडंच नाही. आमच्याकडं रांग लागली, तिकडं खुर्च्या रिकाम्या. आणि ऐन जुलैत, शेवटची तारीख जवळ आलेली, एका सकाळी लॉगिन केलं तर आयडी बंद. विचारलं तर म्हणे तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, जादा पैसे घेता. कुणाची तक्रार, कशाबद्दल, काही सांगेनात. ज्या कारणानं माणसं तिकडचं सोडून आमच्याकडं आली त्याच्या बरोबर उलट आरोप आमच्यावर!

आयडी बंद म्हणजे काय हे केंद्र चालवणाऱ्यालाच कळेल. वॉलेट म्हणजे आमची विहीर, पैसे आधी भरून ठेवायचे आणि कामाप्रमाणे उपसायचे, त्या विहिरीवरच झाकण बसलं. भरलेली रक्कम अडकली, झालेल्या अर्जांचं कमिशन अडकलं, भाडं चालू, लाईट बिल चालू, दोन पोरांचा पगार चालू. त्यातला एक पोरगा, ज्याला मी माऊस धरायला शिकवलं, तो चार दिवसांत समोर कामाला लागला. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. मी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घातले, या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब मिटिंगला आहेत, पोर्टलवरून वरूनच बंद झालंय, लेखी द्या. लेखी दिलं, पोच घेतली. (पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका, हे मी सगळ्यांना सांगतो.)

आबांना कळलं तेव्हा ते स्वतः आले. म्हणाले, बाळा, तुझ्या पावत्या माझ्याकडं आहेत की. आणि नुसते बोलले नाहीत, आपल्या गावातल्या आणि शेजारच्या वाडीतल्या माणसांकडून त्यांच्या त्यांच्या पावत्या गोळा केल्या, बाया-माणसं जीपमध्ये घालून माझ्यासोबत जिल्ह्याला आले. मी इकडून आमची कार्बनची स्थळप्रत आणली, सगळी पुस्तकं, पोतं भरून. साहेबांच्या टेबलावर नंबर जुळवून दाखवले, उत्पन्नाच्या दाखल्याला तेव्हाच्या दरानं ३३ रुपये ६० पैसे, विम्याला १ रुपया, झेरॉक्स वेगळी. माणसानं ४० दिले तर परत किती दिले ते पण लिहिलेलं. आबा तिथं फक्त एवढं बोलले की ज्यानी पावती दिली त्याचं दार बंद आणि ज्यानी दिली नाही त्याचं उघडं, हे कसं काय साहेब. आयडी उघडला, पण कितीतरी आठवड्यांनी. खरीप गेला. समोर मात्र त्या हंगामात एसीवाल्या खुर्च्या भरलेल्या राहिल्या.

दुकान परत उभं राहिलं ते त्याच वर्षाच्या शेवटी. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती शिंदेंची समिती बसली, निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, मोडी आणि उर्दूतली जुनी रजिस्टरं स्कॅन होऊन जिल्ह्याच्या साईटवर टाकली गेली. पीडीएफ हजार पानांची, माणसाला आपल्या पणजोबाचं नाव शोधायचंय, नेट गावात धड नाही. आम्ही त्या फाईली डाऊनलोड करून गावनिहाय लावून ठेवल्या, एक मोडी वाचणारे निवृत्त गुरुजी आठवड्यातून दोनदा बसायला लागले, नोंद सापडली की वंशावळ, शपथपत्र, मग पोर्टलवर अर्ज. लोकांच्या डोळ्यात पाणी यायचं हो स्वतःच्या घराण्याचं नाव त्या अक्षरात बघून. हे काम काचेच्या दुकानात होत नव्हतं कारण त्याला वेळ लागतो आणि पैसे कमी. पाटल्या त्या उन्हाळ्यात सोडवल्या.

आता परत तेच ऐकतो की मोबाईलमुळं केंद्रं संपणार. लाडकी बहीणचे अर्ज २०२४ ला मोबाईलवरनं पण भरता येत होते, तरी आमच्याकडं ओट्यावर जागा नव्हती, कारण प्रश्न अॅपचा नव्हताच, कुणाच्या आधारला बँक खातं जोडलेलं नाही, कुणाचा नंबर नवऱ्याचा, तो पुण्याला कामाला, ओटीपी तिकडं जातोय. शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून योजनांना लागायला लागला तेव्हा पण तेच, आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. दुकानात आता क्यूआर आहे, सुट्ट्याची कटकट गेली, सकाळी जाऊन चिल्लर आणायचं काम गेलं, हे चांगलंच झालं. पण यूपीआयनं पैसे आले तरी कार्बनची पावती फाडतोच, मेसेज हा पैशाचा पुरावा आहे, कामाचा नाही.

जी पोरं नवीन केंद्र काढायचं म्हणतात त्यांना सांगतो, आधी एसी घेऊ नका, आधी इन्व्हर्टर घ्या आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट घ्या. प्रिंटर जुना एचपी १०२० मिळाला तर डोळे झाकून घ्या, १२ए कार्ट्रिज रिफिल करून करून चालतं, आमचं एक मशीन अजून पळतंय, फक्त पिकअप रोलर बदलला. अंगठा मशीन दोन ठेवा. आरडी सर्व्हिसची (अंगठा मशीन चालायला लागणाऱ्या नोंदणीची) मुदत संपायची तारीख भिंतीवर लिहा. आणि सेवा हमी कायदा २०१५ चा आहे, तो वाचा, दाखला मुदतीत आला नाही तर अपील करता येतं हे गिऱ्हाईकाला तुम्ही सांगितलं पाहिजे, दुसरं कुणी सांगणार नाही.

समोरचं केंद्र अजून आहे, त्यांचं त्यांनी करावं. माझी मागणी एवढीच की आयडी बंद होता त्या आधीच्या अर्जांचं अडकलेलं कमिशन मला मिळावं आणि ती तक्रार खोटी होती असं लेखी मिळावं. तसा अर्ज दिलेला आहे, उत्तर आलेलं नाही, स्मरणपत्रं पण दिलीत, सगळ्यांच्या पोच फाईलला लावल्यात. पुढचं स्मरणपत्र टाईप करून ठेवलंय, सोमवारी आबांना पण सोबत नेणार आहे.