मागचे शॉकअप बदलले त्याची गोष्ट

आमची हॅचबॅक मागून डुलायला लागली होती. साखरप्याहून आंबा घाट चढताना वळणातच खड्डा आला की मागची बाजू किंचित बाहेर सरकायची, मग दोन-तीनदा वरखाली होऊन ठिकाणावर यायची. मागे बसलेल्या आईला मळमळायला लागलं, तेव्हा घरातून हुकूम सुटला. शॉकअप, म्हणजे चाकाजवळचं धक्के जिरवणारं नळकांडं, एका दिवसात जात नाही. तो हळूहळू ढिला होतो आणि चालवणाऱ्याचा हात त्याप्रमाणे सावरत जातो. खरी तक्रार येते ती मागच्या सीटवरून.

कोल्हापुरात आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी शॉकअप, स्प्रिंगा, चार टायर आणि वर चाकांची अलाइनमेंट असं लांबलचक एस्टिमेट हातात दिलं. कारण काय, तर म्हणे गाडी मागून बसलीय. घरी सपाट जागेवर टेप लावला. चाकाच्या मध्यापासून वर कमानीच्या कडेपर्यंत दोन्हीकडे उंची सारखी, आणि शेजाऱ्यांच्या त्याच मॉडेलच्या गाडीइतकीच. म्हणजे स्प्रिंगा ठणठणीत. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, शॉकअप फक्त तिची उसळी आवरतो. आत तेलात पिस्टन असतो, त्याच्या बारीक वाटांमधून तेल रेटलं जातं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन जिरतो. तो गेला म्हणून गाडी खाली बसत नाही, नुसती नाचत राहते.

मग शिवाजी उद्यमनगरातलं एक गॅरेज गाठलं. मिस्त्रींनी डिकीवर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. चांगली गाडी एकदा वर येऊन थांबते, आमची झुलत राहिली. खाली वाकून बघितलं तर डाव्या शॉकअपच्या नळीवर तेल आणि धूळ मिळून काळा चिकट थर. नळीवर नुसता ओलसर पापुद्रा असला तर घाबरायचं कारण नसतं, पण इथे ओघळ होता. टायरवरून तळवा फिरवला तर जागोजागी उंचवटे आणि खळगे लागले. चाक रस्त्यावर नीट टेकत नसलं की टायर असा खाल्ला जातो.

“रिपेअर होईल का?” मी विचारलं.

“करून देणारे हाईत की. तेल भरत्यात, काळा रंग मारत्यात. पण तेल अडवणारं सील गेलंय साहेब, किती दिस थांबणार? आणि एकटा डावा नको, जोडी घ्या.”

जोडी हवीच. एक कडक, एक ढिला असेल तर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते. गॅब्रिएल कंपनीची जोडी अडीच हजारांच्या आसपास पडली. सोबत बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा ठोकळा) आणि डस्ट कव्हर (दांड्यावरचं धुळीचं आवरण) वेगळे मागून घेतले. हे बहुतेकजण जुनेच परत घालतात. आमचा जुना बंप स्टॉप बोटाने दाबला तर भुगा झाला.

गाडी स्टँडवर घेतली, तरी मिस्त्रींनी मागच्या बीमखाली, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांडीखाली, जॅक लावूनच नट सोडवले. आमच्या गाडीत बीमला खाली लोंबू न देण्याचं कामही शॉकअपच करतो. तो काढला आणि बीमला आधार नसला, तर बीम खाली येतो, स्प्रिंग निसटते, ब्रेकचा पाइप ताणला जातो. खालचा बोल्ट गंजून बसला होता. स्प्रे मारून चहा होईपर्यंत तसाच सोडला, मग लांब दांड्याने कुरकुरत सुटला. वरचा नट डिकीतून काढायचा. नटाबरोबर शॉकअपचा रॉडही फिरतो, म्हणून रॉडचं टोक पान्याने धरावं लागतं. रॉडच्या चकचकीत भागाला पकड लावायची नाही. नव्या शॉकअपला तर मुळीच नाही, कारण तिथे ओरखडा पडला की तेवढाच सील कापत राहतो.

नवे शॉकअप दुकानात आडवे पडलेले असतात, त्यामुळे वरची हवा तेलात शिरते. बसवण्याआधी ते उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून घेतले. पहिल्या दोन दाबांना मध्येच पोकळ लागत होतं, नंतर सगळीकडे सारखा जोर. जुना दाबला तर दांडा भसकन आत जाऊन तिथेच राहिला.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र शेवटी झाली. खालचा बोल्ट गाडी उचललेली असताना फक्त हाताने लावला आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळला. हवेत आवळला असता तर त्यातला रबरी बुश (बोल्टभोवतीची रबरी नळी) गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहून लवकर फाटला असता. घाईत असलेली गॅरेजेस हेच टाळतात, म्हणून बोल्ट आवळताना समोर उभं राहावं.

परतीला तोच घाट, तीच वळणं. मागची बाजू एकदा दबते आणि थांबते, आईने साखरप्यापर्यंत झोप काढली. खाल्लेले टायर मात्र गुणगुणतातच, ते काही शॉकअप बदलून सरळ होत नाहीत. आणि पुढून येणारा खटखट आवाज आहे तो लिंक रॉड नावाच्या पुढच्या चाकांजवळच्या दांडीचा, असं मिस्त्री म्हणतात. ते काम दिवाळीआधी काढायचं आहे.