सुट्या भागांचं गाव

शनिवार, रात्री

आज टोलेडोला जाऊन आले. मिशिगनची हद्द ओलांडली की लगेच ओहायोत, मॉमी नदीच्या काठी हे शहर लागतं. सोबत माझ्या जुन्या कारखान्यातल्या एक बाई होत्या. मी तिथे क्वालिटीत लागले तेव्हा लाइनवर सगळ्यात जुन्या त्याच. आता वय नव्वदीला टेकलंय, पण बोटं शांत बसत नाहीत. गाडीत सीटबेल्टची पट्टी अंगठ्याखाली घेऊन तिची शिवण चाचपत होत्या.

आमच्या कारखान्यात येण्याआधी, 1955 साली, त्या टोलेडोच्या इलेक्ट्रिक ऑटो-लाइटमध्ये लागल्या होत्या. शाळा संपली आणि महिन्याभरात कामावर. काम आर्मेचर वाइंडिंगचं, म्हणजे फिरणाऱ्या गाभ्यावर तार गुंडाळण्याचं. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला डायनामो म्हणतात त्या बॅटरी भरणाऱ्या यंत्राचं आणि इंजिन चालू करणाऱ्या ‘सेल्फ’चं, दोन्हींचं काळीज म्हणजे हे आर्मेचर. शॅम्प्लेन स्ट्रीटवरच्या त्या जागेवर आम्ही तासभर उभ्या होतो आणि त्यांनी मला सगळं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत हातांनी करून दाखवलं. हवेत. समोर ना यंत्र ना तार.

आधी पोलादी पत्र्याच्या पातळ चकत्या दांड्यावर दाबून बसवायच्या. चकत्यांच्या खाचांत इन्सुलेशनचा कागद सरकवायचा. मग एनॅमल चढवलेली तांब्याची तार एकेका खाचेत बसवत जायची. ताण सारखा हवा. सैल राहिली तर फिरताना बाहेर फेकली जाते, जास्त ओढली तर वरचं एनॅमल खरवडतं. प्रत्येक वेढ्याचं टोक कम्युटेटरच्या (दांड्याच्या टोकावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) ठरलेल्या पट्टीलाच जोडायचं, डाख द्यायचा, खाचांवर पाचरी ठोकायच्या. सगळं व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत. भट्टीतून आल्यावर कम्युटेटर लेथवर गुळगुळीत गोल करायचा आणि पट्ट्यांमधला अभ्रक केसभर खाली कापायचा, म्हणजे कार्बन ब्रश त्यावर उडत नाही. शेवटी ग्राउलर. दोन पाखांच्या लोखंडी गाभ्यात आर्मेचर आडवं ठेवायचं, वीज सोडायची, वर हॅकसॉचं पातं धरून आर्मेचर हळूहळू फिरवायचं. आत कुठे दोन वेढे एकमेकांना भिडले असतील, तर त्या खाचेवर पातं थरथरायला लागतं.

"पण पातं थरथरायच्या आधीच मला कळायचं," त्या म्हणाल्या. मी क्वालिटीत जन्म काढला आहे. ही बढाई नव्हे, हे मला माहीत आहे. तपासणी शेवटी करायची असते ती कागदासाठी. माल चांगला की वाईट हे हाताला आधी कळलेलं असतं.

कारखाना 1962 साली बंद झाला, इमारत 1999 मध्ये पाडली. प्रवेशद्वार तेवढं राखलं आहे, आणि त्याच्याजवळ 1934 च्या इथल्या संपातल्या संपकऱ्यांचे पुतळे आहेत. बाईंनी पुतळ्यांकडे फारसं पाहिलं नाही. त्या दाराकडे बघत होत्या. म्हणाल्या, या दाराने आम्ही कधी आत गेलो नाही, हे ऑफिसवाल्यांचं.

रविवार, दुपारी

काल लिहिताना झोप आली. आज अण्णांबद्दल लिहायचंय, कारण टोलेडो हे नाव मी अमेरिकेत येऊन शिकले नाही, कुर्ल्यात शिकले.

अण्णा, माझे वडील, प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांनी 1944 साली ही कंपनी काढली, क्रायस्लरशी करार केला आणि 1947 पासून कुर्ल्याच्या आग्रा रोडवरच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला बनवणं कमी, जोडणं जास्त. गाडी लाकडी खोक्यांतून सुटी सुटी यायची. खोकी उघडायची, ग्रीसचा कागद सोडवायचा, भाग पुसून रांगेत मांडायचे. अण्णांचं इंग्रजी जेमतेम, पण भागांवरच्या धातूच्या पट्ट्या त्यांना पाठ होत्या. डायनामोवरच्या पट्टीवर कंपनीचं नाव आणि खाली शहर: टोलेडो, ओहायो. आम्ही मुलं नकाशात लंडन, न्यूयॉर्क शोधायचो. अण्णा टोलेडो शोधायला लावायचे. पाळी संपवून आले, अंघोळ झाली, की चहा घेता घेता सांगायचे की आज एक ‘सेल्फ’ हातात घेतला, काय सुबक काम होतं. ज्यांनी तो केला त्यांच्याबद्दल ते नेहमी नात्यातल्या माणसांसारखं बोलत. तिकडचे कारागीर, म्हणत. साहेब कधी म्हणाले नाहीत.

मुंबईचं अमेरिकन मोटारींशी नातं त्याहून जुनं. जनरल मोटर्सने शिवडीला 1928 सालीच जोडणीचा कारखाना काढला होता. माझगावात महिंद्रांनी जीप जोडायला घेतली ती विलिसची, आणि विलिस-ओव्हरलँड म्हणजे पुन्हा टोलेडोच. नंतर सरकारने धोरण बदललं: ज्यांची देशात भाग बनवण्याची तयारी आहे त्यांनाच पुढे वाव. 1954 मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. प्रीमियर टिकली, कारण तिने भाग इथेच बनवायला घेतले. अण्णांच्या हातातली अमेरिकन पट्टी हळूहळू दिसेनाशी झाली आणि त्यांना त्याचा आनंदच होता. तरी टोलेडोबद्दलची माया कमी झाली नाही.

काल बाईंना हे सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, खरंच मुंबईला जायचं का आमचं काम? आपण बांधलेलं आर्मेचर डेट्रॉइटला जातं एवढंच त्यांना माहीत होतं.

मंगळवार

हे गाव असं सुट्या भागांचं का झालं, याची साखळी मला फार आवडते. जॉन विलिसने 1909 साली टोलेडोतला एक बंद पडत आलेला मोटार कारखाना घेऊन तिथे आपली ओव्हरलँड मोटार कंपनी आणली. लगोलग 1910 मध्ये स्ट्रॅनाहन बंधू आपला स्पार्क प्लगचा धंदा बोस्टनहून उचलून तिथे आले, गिऱ्हाइकाच्या दारात. तीच चॅम्पियन. ज्याचं नाव कंपनीला होतं तो आल्बेर शांपियों हा मूळचा फ्रेंच सायकल शर्यतवाला. तो भागीदारांशी फाटून मिशिगनच्या फ्लिंटला गेला आणि तिथे त्याने दुसरी प्लग कंपनी उभी केली. नाव वापरायला मिळेना, तेव्हा आपली आद्याक्षरं दिली: एसी. म्हणजे एका माणसाच्या नावावर दोन शहरांची चूल पेटली. पुढे डेना आली, तिचे जॉइंट आणि आस. काच लिबी-ओवेन्स-फोर्डची (हे फोर्ड वेगळे, काचवाले). रंगाच्या फवारणीच्या बंदुका डेव्हिलबिसच्या.

टोलेडो एकटं नव्हतं. इंडियानाच्या अँडरसनमध्ये डेल्को-रेमीचे स्टार्टर आणि गाइडचे दिवे. मिशिगनच्या सॅगिनॉचं स्टिअरिंग. ओहायोच्या वॉरनमध्ये पॅकार्ड इलेक्ट्रिकच्या तारा. न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टचा रेडिएटर. एका गावाला एक भाग. रस्त्यावरून गाडी गेली की अँडरसनचं पोर म्हणू शकायचं, हा दिवा आमचा. त्या काळाची आठवण काढताना लोक क्रोमचे बंपर आणि लांबलचक शेपटाच्या गाड्या काढतात. मला मात्र हा ‘आमचा’ आठवतो. आपण दिवसभर जे केलं ते कुठे जातं, कशात बसतं, हे माहीत असणं. मी स्वतः पुढे कितीतरी वर्षं असे भाग तपासले की जे कोणत्या गाडीत जातात हे लाइनवर कुणालाच सांगता येत नव्हतं, नुसता पार्ट नंबर. काम तेवढंच अचूक असूनही त्यात जीव कमी होता, असं मला आज ठामपणे वाटतं.

बुधवार, पहाटे

झोप नाही. बाईंच्या वडिलांचा विचार करतेय. ते 1934 साली ऑटो-लाइटच्या गेटवर होते.

मंदीचे दिवस. एप्रिलमध्ये संप झाला, कोर्टाने गेटवर किती माणसं उभी राहायची याचा आकडा बांधून दिला. कंपनीने बदली माणसं आत घेतली. गावात हजारो बेकार होते, रांगेत उभे राहून संपकऱ्यांच्या जागा त्यांनी सहज घेतल्या असत्या. पण ल्युकस काउंटीतल्या बेकारांच्या संघटनेने कोर्टाचा हुकूम मोडून संपकऱ्यांच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. घरात चूल पेटत नसताना. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर गेटबाहेर सुमारे 10,000 माणसं जमली. नॅशनल गार्ड बोलावले, त्यांनी गोळ्या झाडल्या, दोघं गेले. जूनच्या सुरुवातीला तडजोड झाली: 5 टक्के वाढ, तासाला किमान 35 सेंट, आणि युनियनला मान्यता. त्याच उन्हाळ्यात मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप चालू होता. दोन्हीकडे पगारच. अण्णांचे वडील तेव्हा परळला गिरणीत होते.

पुढे फ्लिंटमध्ये 30 डिसेंबर 1936 ते 11 फेब्रुवारी 1937 कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले आणि जनरल मोटर्सला युनियन मान्य करावी लागली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. टोलेडोची गोष्ट कमी सांगितली जाते, म्हणून इथे लिहून ठेवते. युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटार कामगारांच्या युनियनची तिथली शाखा, लोकल 12, एकाच कारखान्याची नव्हती. जीपसारखा अवाढव्य कारखाना आणि पन्नास-शंभर माणसांची भाग बनवणारी शॉप, सगळी एकाच छत्राखाली. छोट्या शॉपमधल्या माणसाच्या मागे मोठ्या कारखान्याचं बळ उभं. ज्या सुबत्तेच्या आठवणी लोक काढतात, सातवी-आठवी शिकलेल्या माणसाचं स्वतःचं घर, पोरांचं कॉलेज, पेन्शन, ती यंत्राने दिली नाही. गेटवर उभ्या राहिलेल्यांनी मिळवली, आणि मग करारात एकेका कलमाने लिहून घेतली.

गुरुवार

काळ सगळा सोन्याचा होता असं लिहिलं तर बाईंशी बेईमानी होईल. त्यांनी स्वतःच सांगितलं. बायकांची सीनियॉरिटीची यादी वेगळी, पुरुषांची वेगळी. मंदी आली की पुरुषांच्या यादीतला कालचा पोरगा राहायचा आणि बायकांच्या यादीतली जुनी बाई घरी जायची. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतरच अशा याद्या मोडू लागल्या. दक्षिणेतून आलेल्या काळ्या कामगारांना बहुतेक कारखान्यांत फाउंड्री किंवा झाडूकाम. ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस, त्याची धूळ श्वासातून आत जायची आणि माणूस निवृत्त झाल्यावर उसळायची. कापडावर धूळ घेऊन घरी आलेल्या नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकाही आजारी पडल्या.

आणि पेन्शनसुद्धा पक्की नव्हती. 1963 च्या डिसेंबरात साउथ बेंडचा स्टुडबेकर कारखाना बंद पडला, तेव्हा साठी न गाठलेल्या, दहा-वीस वर्षं राबलेल्या हजारो माणसांच्या पदरात हक्काच्या पेन्शनच्या सुमारे 15 टक्केच पडलं. या प्रकरणाने लोक इतके हादरले की त्यातूनच पुढे 1974 चा पेन्शन संरक्षणाचा कायदा आला. माझी स्वतःची पेन्शन त्या कायद्याच्या आधारावर उभी आहे. साउथ बेंडच्या त्या माणसांची मी देणेकरी आहे.

बाईंचं काम गेलं ते अल्टरनेटरमुळे. क्रायस्लरने 1960 पासून डायनामो सोडून अल्टरनेटर बसवायला सुरुवात केली, आणि 1961 च्या सगळ्या गाड्यांत तोच. अल्टरनेटरला कम्युटेटर नाही, फिरणाऱ्या भागावर खाचाखाचांत बसवायची तार नाही. फिरणारा भाग म्हणजे एकच गुंडाळी. कंपनीच्या बाकी अडचणीही होत्या, मोठं गिऱ्हाईक हळूहळू आपले भाग आपणच बनवू लागलं होतं. पण हातातलं कसब एका हिवाळ्यात बिनकामाचं झालं ते यामुळे. अल्टरनेटर चांगला आहे, हे त्याही मान्य करतात. मंद चालीतही बॅटरी भरतो. "चांगल्या वस्तूने काम घेतलं, म्हणून राग कुणावर धरायचा?" असं विचारून त्या बराच वेळ गप्प होत्या. मला उत्तर सुचलं नाही.

येताना जुन्या जीप कारखान्याच्या जागेवरून आलो. ओव्हरलँडचं नाव असलेलं विटांचं धुराडं राखून ठेवलंय, आणि त्याच जमिनीवर आता डेनाचा नवा कारखाना जीपचे आस बनवतो. मला ते पाहून फार बरं वाटलं. पार्किंगमध्ये पाळी बदलत होती, तरुण पोरंपोरी हातात डबे घेऊन आत जात होती. बाईंनी काच खाली करून एकीला विचारलं, काय बनवतेस? तिने लगेच सांगितलं, कोणत्या गाडीचा कोणता आस. बाईंनी मान डोलावली आणि काच वर केली.

त्यांना उद्या फोन करायचाय. विचारायचं आहे: व्हार्निशच्या भट्टीतून निघालेलं आर्मेचर किती वेळ निवू द्यायचं? पाचरी कशाच्या असायच्या, फायबरच्या की लाकडाच्या? परदेशी जाणारा माल वेगळा बांधत का, ग्रीस जास्त लावत का? अण्णा सांगायचे की खोकं उघडलं की आधी वास यायचा. तो ग्रीसचा की व्हार्निशचा, हे त्यांनाच माहीत असणार.