शरणपूरचा वेनराइट

माझे आजोबा निफाड तालुक्यात बैलगाड्या बांधायचे. तुंब्यात आरे ठोकून, तापवलेली लोखंडी धाव चाकावर चढवताना मी त्यांना पाहिलंय. आमचं आडनाव सुतार.

'वेनराइट' या इंग्रजी आडनावाचा अर्थ कळला तेव्हा म्हणूनच अंगावर काटा आला. जुन्या इंग्रजीत 'वेगन' म्हणजे गाडा, 'विर्ख्टा' म्हणजे कारागीर. गाडे बांधणारा! इंग्लंडात हे आडनाव मुख्यतः उत्तरेकडे, यॉर्कशायर-लँकेशायरच्या बाजूला आढळतं.

आणि तेच आडनाव आपल्या नाशकात नांदून गेलं. जेकब वेनराइट हा आफ्रिकेतल्या याओ जमातीचा, गुलामगिरीतून सोडवलेला मुलगा. शरणपूरच्या मिशन शाळेत तो शिकला, नाव तिकडूनच मिळालेलं. पुढे आफ्रिकेत संशोधन-प्रवास करणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या तुकडीत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेतच वारले. त्यांचं हृदय तिथे पुरलं तेव्हा दफनाची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडावर त्यांचं नाव कोरलं; पार्थिव मात्र इंग्लंडला नेलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे चर्चमधल्या अंत्यविधीलाही तो हजर होता.

त्या मुलाचं जन्मनाव काय असेल? आईने त्याला कोणत्या नावाने हाक मारली असेल? शरणपूर रोडवरून रोज ऑफिसला जाताना मला हाच प्रश्न छळतो.