वाकलेली शिरोरेषा

जुन्या तुरुंगाच्या स्मारकाचा लोगो करायचाय, असा फोन आला तेव्हा मी आधी हो म्हणाले आणि मग विचारात पडले. बँकेला लोगो लागतो, साबणाला लागतो. तुरुंगाला कशाला? आत येणाऱ्यांपैकी कुणी ब्रँड बघून आलं नव्हतं.

समितीने पाठवलेला कागद अर्ध्या पानाचा होता. पारतंत्र्याच्या काळातली इमारत, आता स्मारक होणार. देशाचा इतिहास नव्या पिढीसमोर नव्या रूपात मांडायचा. बोधचिन्ह, फलक, तिकीट, माहितीपत्रक. सोबत एका मोठ्या नेत्याचा फोटो. ते इथे दहा महिने होते. त्यांची कोठडी रंगवून, दिवा लावून ठेवलेली होती, बाकीच्या कोठड्यांना कुलपं.

पहिलं डिझाइन मी जागा न बघता केलं. ड्रोनने काढलेला फोटो आला होता: मध्ये मनोरा आणि त्यातून निघालेल्या लांबलचक बराकी, चाकाच्या आऱ्यांसारख्या. डिझायनरला आयतं मिळालेलं चिन्हच ते. कुणाला सूर्य दिसला, कुणाला कमळ. समिती खूश, मीही खूश. एका बैठकीत काम मंजूर होतंय म्हणजे कुठेतरी चुकतंय, हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं.

मग फलकांच्या जागा ठरवायला गेले. तिथले जुने पहारेकरी मामा सोबत होते. मी त्यांना मोबाईलवर लोगो दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “हे कुठून दिसतं?” वरून, म्हटलं. “वरून कोण बघणार, मॅडम?”

त्या रात्री मी वाचत बसले. मनोऱ्यातून एका माणसाने सगळ्यांवर नजर ठेवायची, हा आराखडा इंग्लिश विचारवंत जेरेमी बेंथमने 1791 मध्ये ‘पॅनॉप्टिकॉन’ नावाने मांडला होता. फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग 1829 मध्ये सुरू झाला तो मध्यातून फुटणाऱ्या बराकींचाच, आणि अंदमानचं 1906 मध्ये पुरं झालेलं सेल्युलर जेलही मधला मनोरा आणि सात बराकी असंच. त्यातल्या तीन आज उरल्यात. म्हणजे मी ज्याला सूर्य म्हणत होते ती पहारा देणाऱ्याची नजर होती. कैद्याने तो आकार जन्मात पाहिला नसणार. त्याला दिसत होती समोरची भिंत, गजांचा तुकडा आणि दारातली पायरी.

दुसऱ्यांदा गेले ती फक्त बघायला. तीन नंबरच्या बराकीच्या तोंडाशी काळ्या दगडाची एक पायरी आहे. अंदाजे चार फूट लांब. दोन्ही टोकांना कडा अजून टोकदार, आणि मध्ये दगड झिजून खाली बसलाय. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मोजलं: मध्यावर दीड इंच. तळवा फिरवला तर तो भाग पाट्यासारखा गुळगुळीत लागतो. नेत्याच्या कोठडीची पायरी मात्र अगदी सरळ. दहा महिन्यांत दगड झिजत नाही.

मग झिजवला कुणी? समितीतल्या एक निवृत्त अभिलेखपाल बाई मला जुन्या नोंदवह्यांपाशी घेऊन गेल्या. नंबर, नाव, बापाचं नाव, जात, गुन्हा, मुदत. राजकीय कैदी मोजके. बाकी सगळे किरकोळ चोरी, दारू गाळणं, आणि पानामागून पान एकच गुन्हा: हजेरीला गैरहजर. मला अर्थच लागेना. बाई म्हणाल्या, “गुन्हेगार जमाती कायदा, दुसरं काय.” 1871 मध्ये तो पहिल्यांदा आला, पुढे वाढत गेला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी. देश स्वतंत्र झाल्यावरही तो देशभर रद्द व्हायला 1952 साल उजाडलं. 31 ऑगस्टला या जमातींच्या सुटकेचा विमुक्त दिन असतो हे मला माहीत होतं, पण कॅलेंडरवरची एक तारीख म्हणून. पायरी या लोकांनी झिजवली होती.

लोगो तिथेच सुचला, पण कागदावर उतरायला दीड महिना गेला. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, देवनागरी वरून लोंबते. म्हणजे शिरोरेषा हीच आपली पायरी. ‘कारागृह स्मारक’ हे नाव जाड अक्षरांत लिहायचं आणि शिरोरेषा मध्यावर झिजलेली, बसलेली दाखवायची. नशीब असं, की या दोन शब्दांत रेषेच्या वर जाणारी एकही वेलांटी किंवा मात्रा नाही. एक जरी असती तरी ती त्या उतारावर घसरली असती.

फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, आणि ते तुकडे एकमेकांना जोडले जातात. म्हणून सगळं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, वरची रेषा एकसंध काढली. पहिल्या प्रयत्नात अक्षरंही रेषेबरोबर खाली उतरली आणि नाव दारावरच्या तोरणासारखं दिसायला लागलं. मंगलकार्याची पत्रिकाच जणू. मग अक्षरांचा तळ सरळ ठेवला आणि मधल्या अक्षरांचे दांडे आखूड केले. आता रेषेवर काहीतरी वजन पडलंय असं वाटायला लागलं. तरी दीड इंचाच्या खऱ्या प्रमाणात झीज दिसेचना, छपाईतली चूक वाटायची. ती तिप्पट वाढवली. इतिहासात एवढी अतिशयोक्ती मी केली आहे आणि समितीला तेव्हा सांगितलेली नाही.

रंगांवर फार वेळ गेला नाही. तिरंग्याचा आग्रह होता. मी चुन्याचा पांढरा आणि गंजाचा तांबूस दाखवला, आणि भिंतीशेजारी नमुने धरल्यावर वाद आपोआप मिटला.

खरा वाद झाला तो अर्थावर. जुना सूर्य कुठे गेला, फोटो कुठे आहे, आणि शेवटी एका सदस्यांनी स्पष्टच विचारलं, “मग आपण काय चोरांचं स्मारक करतोय?” मी दोन गोष्टी घेऊन गेले होते. एक, इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2008 ची सनद: वारसास्थळाची ओळख करून देताना त्या जागेच्या महत्त्वात ज्यांचा वाटा आहे अशा सगळ्या समूहांचा विचार व्हावा, असं तीत म्हटलंय. दुसरी, ईस्टर्न स्टेटच्या आवारात 2014 मध्ये उभारलेला सोळा फुटी पोलादी आलेख. अमेरिकेत कैद्यांचं प्रमाण कसं वाढत गेलं ते तो दाखवतो. तिथे प्रेक्षक कुख्यात गुंड अल कपोनची कोठडी बघायला येतात आणि त्यांची त्या आलेखाशी गाठ पडते.

सनदेने कुणी हललं नाही, खरं सांगायचं तर. आलेखाचा फोटो मात्र हातोहात फिरला. तरी निर्णय झाला नाही. अभिलेखपाल बाईंनी नोंदवहीच्या एका पानाची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि त्यातली अकरा नावं वाचली. अकरावा मुलगा चौदा वर्षांचा होता. मग चहा आला. चहानंतर लोगो मंजूर.

तडजोड अशी झाली: तिकिटावर नेत्यांचं चित्र, बाकी सगळीकडे झिजलेली शिरोरेषा. मला आधी राग आला होता, आता नाही. लोक त्यांच्यासाठीच येतात, आणि येऊ देत. आत शिरताना पायरी ओलांडावीच लागते.

फलकांच्या वेळी भिंतीला एकही खिळा मारायचा नाही अशी अट होती, ती योग्यच होती. म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या लोखंडी चौकटी केल्या. चौदा फलक. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी ते आले. कागद फाडून पहिला बघितला, दुसरा बघितला. शिरोरेषा पट्टी लावून आखल्यासारखी सरळ.

फलकवाल्यांना फोन केला. ते खुशीत होते. “मॅडम, तुमच्या फायलीत लाइन मध्येच बसली होती. आमच्या पोराने सगळी अक्षरं नव्याने टाकून नीट करून घेतली. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.”

तेरा परत पाठवले, रात्रंदिवस बसून त्यांनी ते पुन्हा करूनही दिले. चौदावा गडबडीत राहून गेला. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर तो अजून उभा आहे, शिरोरेषा ताठ.