सहावा गिअर कुठे गेला?

आज बाबांना घेऊन हिंजवडीहून वारज्याला यायला सव्वा तास लागला. गाडी ऑटोमॅटिक, सहा गिअरची. ट्रॅफिकमध्ये करणार काय, मीटरवरचा गिअरचा आकडा बघत बसलो. १, २, १, २, मध्येच चुकून ३. ॲव्हरेज ८.४!

गेल्या रविवारी हीच गाडी एक्स्प्रेसवेवर १०० च्या वेगाने सहाव्यात होती, इंजिन जेमतेम २००० आरपीएमवर, ॲव्हरेज १६ च्या वर. (घाट सोडून हं. खंडाळ्यात तीही धापा टाकते.)

वरचे गिअर पेट्रोल वाचवतात, पण वेग मिळाला तर. रांगेत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) नुसता तेल घुसळत बसतो. त्याचा क्लच लॉक व्हायला, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडलं जायला, जरा सलग रस्ता लागतो. आणि ब्रेक दाबून 'डी'मध्ये (ड्राइव्ह) उभे राहिलो तरी इंजिन गाडीला पुढे ढकलतच असतं. म्हणून मोठ्या सिग्नलला 'एन'मध्ये (न्यूट्रल) टाकली.

बाबा म्हणाले, "आठ गिअरची घ्यायची होतीस मग!"

म्हटलं, बाबा, आणखी दोघे भूमकर चौकात रिकामे बसले असते.