तुम्ही विचारलंत म्हणून: रोमनांचे किल्ले सपाटीवर का?

“ना कडा, ना बुरूज, चढताना दमही लागत नाही. हा कसला किल्ला?” ब्रिटनमधल्या रोमन ठाण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. राजगड-तोरणा पायांखाली घातलेल्यांना तो पडणारच. पण विचारणाऱ्याच्या सुरात निकाल आधीच लागलेला असतो, त्याचा त्रास होतो.

उत्तर इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने घातलेल्या भिंतीवरचं चेस्टर्स हे ठाणं घ्या. भिंतीचं काम इ.स. १२२ च्या सुमारास सुरू झालं. ठाणं भिंतीवर असं आडवं बसवलंय की चार मुख्य दरवाज्यांपैकी तीन भिंतीपलीकडे, उत्तरेला उघडतात. सगळे दुहेरी. आत दडून वेढा सोसायचा बेत असता तर शत्रूकडे तीन दरवाजे कोणी ठेवले असते? शिबंदी घोडेस्वारांची होती आणि तिचं काम बाहेर पडून मोकळ्या रानात गाठण्याचं.

तट मग नावापुरताच का? नाही. गवताळ मातीची ढेकळं कापायची, दीड फूट लांब, फूटभर रुंद, अर्धा फूट जाड, आणि विटांसारखी रचायची. पुढे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खंदक, तळाशी चौकोनी चर. चर गाळाने भरला की खंदक उथळ होतो, म्हणून तो उपसत राहावं लागे. अंबरखान्याची जमीन उचललेली, भिंतींना खालून झरोके, बाहेरून आधारभिंती. धान्याला ओल लागली की मोड येतात, कीड पडते. तटाला खिंडार पडण्याआधी शिबंदी उपाशी मरते.

आणि तरीही हे सगळं सोडून जाता येत असे. स्कॉटलंडमध्ये टे नदीकाठच्या पठारावर इंच्टुथिल आहे. विसाव्या लीजनचा (लीजन म्हणजे काही हजार सैनिकांचं रोमन दल) मानला जाणारा हा तळ इ.स. ८२-८३ च्या सुमारास उभा राहू लागला. सुमारे २१ हेक्टर जागा, ६४ बराकी, ६० खोल्यांचं इस्पितळ. मातीच्या तटाला पुढून दगडी भिंतही घातली. सेनापतीच्या वाड्याची जागा मात्र मोकळीच राहिली, कारण तेवढ्यात डॅन्यूबवर सैन्य कमी पडलं, ब्रिटनमधून एक लीजन तिकडे गेलं आणि उत्तर सोडावी लागली. शेवटची नाणी ८६-८७ सालची, जवळजवळ न झिजलेली. जाताना त्यांनी लाकडी खांब उपटले, दगडी भिंत उतरवली, काचेची आणि मातीची भांडी फोडून गटारात टाकली. राहिले खिळे. लोहारशाळेत खोल खड्डा खणून पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे त्यात ओतले, बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंतचे, आणि वर माती चोपून बसवली. एवढं लोखंड तिथल्या स्थानिक कॅलेडोनियन टोळ्यांच्या हाती लागलं असतं तर त्याच्या तलवारी आणि भाल्यांची पाती झाली असती. १९५२ ते १९६५ च्या उत्खननात रिचमंड आणि सेंट जोसेफ यांना तो साठा सापडला. बाहेरचे खिळे गंजून त्यांचं कवच झालं होतं, त्यामुळे आतले बरेच शाबूत होते.

ज्याला हे करता येतं त्याचा जीव तटात अडकलेला नसतो. पूर्वी मी इथे थांबायचो. “बळ माणसांत, रस्त्यांत, रसदीत” म्हटलं की विषय संपायचा. पण समोरचा चिवट असेल तर विचारतो, “मग पोर्टचेस्टर?” आणि त्याचं खरं आहे. तिसऱ्या शतकाच्या अखेरचा तो रोमन किल्ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, भिंती आजही जवळपास ६ मीटर उंच, आणि बुरूज चक्क पुढे आलेले, आपल्याला हवे तसे. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, तेच. पॅरिसकरांनी डाव्या काठावरच्या जुन्या इमारतींचे दगड आणून बेटाभोवती तट उभारला. म्हणजे रोमनांनाही शेवटी बुरूज लागलेच.

लागले, पण भीतीनेच का? फ्रान्समधल्या ल माँ शहराच्या रोमन तटावर लाल, पांढऱ्या, काळपट दगडांचे त्रिकोण, चौकटी, फुल्या ओळीने बसवल्या आहेत, मधे विटांचे पट्टे. घाईघाईने जीव वाचवणाऱ्यांचं हे काम वाटत नाही. शहराला ते मिरवायचं होतं, असं मला वाटतं. आणि पॅरिसच्या तटातले उचलून आणलेले दगड आठवले की तेही डळमळतं.